कार्टून्सच्या डिस्कचं परीक्षण : गोष्ट सांगायची की प्रिंट?

चित्रवेडा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळत होतं, आज धागा काढतोच. जुनी कार्टून्स किंवा अ‍ॅनिमेशनपट डीव्हीडी, ब्लू-रे, फोरकेवर आले की मी आधी परीक्षणं शोधतो आणि बहुतेक वेळा निराश होतो. अर्धं परीक्षण गोष्ट सांगण्यात जातं, मग "बालपण आठवलं", मग "रंग झकास, चित्र एकदम स्वच्छ" आणि शेवटी तारे. अहो पण सिंड्रेलाची गोष्ट मला माहीत आहे! मला हे कळायला हवं की १९५० साली ज्या लोकांनी हाताने रेषा काढल्या त्या या डिस्कवर आहेत की पुसल्या गेल्यात.

हे उगाच म्हणत नाहीये. सिंड्रेलाची २०१२ ची ब्लू-रे आठवा. चित्र इतकं घासूनपुसून काढलं होतं की कपड्यांच्या घड्या, केसांच्या बारीक रेषा कुठे पुसट तर कुठे चक्क गायब, आणि तरी "एकही डाग नाही" म्हणून कित्येक ठिकाणी तिचं कौतुक झालं. पुढच्या वर्षी द सोर्ड इन द स्टोनची ब्लू-रे आली ती तर त्याहून वाईट. तो १९६३ चा चित्रपट, झेरोग्राफीच्या काळातला, म्हणजे अ‍ॅनिमेटरची पेन्सिल झेरॉक्ससारखी थेट सेलवर (ज्यावर पात्र रंगवतात तो पारदर्शक पत्रा) उतरलेली. ती खरखरीत रेषा हाच त्या चित्रपटाचा जीव, आणि डिस्कवर ती मेणासारखी वितळलेली दिसते.

तर माझं मत असं की कार्टूनच्या डिस्कचं परीक्षण म्हणजे आधी प्रिंटचं परीक्षण. तुम्हाला काय वाटतं? तुम्ही परीक्षणात काय शोधता?

काजवा
+१०० आणि धाग्याबद्दल धन्यवाद. वाचनखूण साठवली आहे.

मी_मंजिरी
थोडं असहमत. तुम्ही संग्राहकाच्या नजरेने बघताय, मी घरात दोन लहान मुलं असलेल्या आईच्या. मला रेषेची जाडी नको, मला हे हवंय की डिस्कवर सगळी कार्टून्स सलग चालवायची सोय आहे का, भाषा कुठल्या, एकेक कार्टून केवढं, आणि मुलांबरोबर बसायच्या आधी मी एकटीने काय बघून ठेवलं पाहिजे. यातलं काहीच संग्राहक मंडळींच्या परीक्षणात नसतं. तिथे नुसते स्क्रीनशॉट आणि भांडणं.

भिरभिरं
मला तर स्वच्छ चित्रच आवडतं ब्वा. ती मुंग्या धावल्यासारखी दाणेदार पडद्यावर नाचणारी घाण कशाला ठेवायची? चित्रपटात ग्रेन (हे फिल्मचे दाणे) काढला की लोकांची कातडी मेणाची दिसते म्हणून तो हवा हे समजू शकतो, पण कार्टूनमध्ये कातडी कुठेय, सपाट रंगच तर आहे.

फिल्मीकाका
@भिरभिरं, प्रश्न चांगला आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ग्रेन काढणारं सॉफ्टवेअर साधारण असं चालतं की शेजारशेजारच्या फ्रेम्स ताडून बघायच्या आणि जे एकीत आहे, दुसरीत नाही त्याला घाण समजून काढून टाकायचं. माणसांच्या चित्रपटात दोन फ्रेममधला फरक बहुधा थोडा असतो. कार्टूनमध्ये हात जोरात फिरला की पुढच्या चित्रात तो एकदम भलतीकडेच असतो, त्यामुळे सॉफ्टवेअरला ती काळी रेषाच घाण वाटते आणि ते ती खाऊन टाकतं. डीव्हीडीच्या काळात याला सगळे डीव्हीएनआर (डिजिटल व्हिडिओ नॉइज रिडक्शन) म्हणून शिव्या घालायचे. वॉर्नरच्या लूनी ट्यून्स गोल्डन कलेक्शन या डीव्हीडी संचाच्या दुसऱ्या खंडातल्या काही कार्टून्समध्येही ही तक्रार होती, आणि तो संच एरवी किती प्रेमाने केलेला आहे!

म्हणजे सपाट रंग आहे म्हणून कार्टूनला धोका कमी असं नाही, उलट जास्त. कार्टूनमध्ये रेषा हाच अभिनय. बग्ज बनीची भुवई अर्धी गेली तर विनोद अर्धा गेला.

चित्रवेडा
काका, "रेषा हाच अभिनय" याला उभं राहून टाळ्या. आणि सपाट फक्त पात्रं असतात, मागची दृश्यं जलरंगात किंवा गुआशमध्ये (अपारदर्शक जलरंग) रंगवलेली असतात. कागदाचा पोत, ब्रशचे फटकारे हे सगळं ग्रेनबरोबरच धुऊन निघतं.

@मी_मंजिरी, तुमचा मुद्दा मान्य, दोन्ही पाहिजे. सलग चालवायची सोय आहे की नाही हे एका ओळीचं काम आहे, ते न लिहिणं हा आळसच.

निनाद_त
मग धूळ पण ठेवायची का? सेलवर पडलेली धूळ, बोटांचे ठसे, सेलची मागच्या चित्रावर पडलेली सावली हे सगळं कॅमेऱ्याने तेव्हाच टिपलेलं आहे. ते मूळ चित्रपटात आहेच की!

फिल्मीकाका
निनाद, यावर जाणकारांतही एकमत नाही. स्नो व्हाइट १९३७ चा. १९९३ साली तो पूर्ण डिजिटल करून दुरुस्त केला आणि परत फिल्मवर उतरवला, अख्खा चित्रपट असा करण्याची ती पहिलीच वेळ. तेव्हा चित्रीकरणाच्या वेळची धूळही काढली होती. माझं मत विचाराल तर धूळ गेली तरी चालेल कारण ती कुणी मुद्दाम टाकलेली नव्हती. सेलची सावली मात्र राहू द्यावी, तिच्यामुळे चित्र थरांचं आहे हे जाणवतं.

आता रंगांचं. त्या काळात कार्टून्ससाठी टेक्निकलरची वेगळी पद्धत होती. माणसांसाठी तीन फिल्म एकदम चालवणारा अवजड कॅमेरा लागायचा. इथे चित्र हलत नाही, त्यामुळे एकाच कृष्णधवल फिल्मवर तेच चित्र लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून ओळीने तीन वेळा टिपायचे. कृष्णधवल फिल्मवर रंगाचा पत्ताच नाही, त्यामुळे फिकट पडण्याचा प्रश्न येत नाही. असा निगेटिव्ह शाबूत असेल तर तिन्ही फ्रेम्स नीट जुळवून आजही टवटवीत रंग मिळतात. जुळवणी चुकली की पात्राच्या कडेला लाल-निळी झालर दिसते. तर परीक्षण करणाऱ्याने झालर बघावी आणि स्कॅन कशावरून केलाय हे शोधून लिहावं, मूळ निगेटिव्ह की नंतरची प्रिंट.

काजवा
हे माहीतच नव्हतं! म्हणजे सात मिनिटांच्या कार्टूनला एकवीस मिनिटांची फिल्म??

फिल्मीकाका
तिप्पट फ्रेम्स, हो. आणि यातले बरेच निगेटिव्ह नायट्रेटचे, म्हणजे पेट घेणारे. एमजीएम स्टुडिओच्या कितीतरी कार्टून्सचे मूळ निगेटिव्ह आगीत गेले. म्हणून तिथला दिग्दर्शक टेक्स एव्हरी याच्या कार्टून्सचे तीन खंड वॉर्नर आर्काइव्हने २०२० आणि २०२१ मध्ये ब्लू-रेवर काढले त्यात एक कार्टून लखलखीत आणि पुढचं किंचित मऊ दिसतं. ज्याला हे ठाऊक नाही तो "दर्जा असमान" लिहून एक तारा कापणार. जे शिल्लक आहे त्यातलं उत्तम मिळालंय का, हे विचारायला हवं.

स्वप्नाळू
एक शंका. माझ्याकडे टॉम अँड जेरीच्या एका संचाच्या जुन्या पाल (युरोप-भारतातली टीव्ही पद्धत) डीव्हीडी आहेत आणि नंतर घेतलेली ब्लू-रे आहे. प्रत्येक कार्टून डीव्हीडीवर थोडं छोटं भरतं. काय कापलंय ते शोधून शोधून थकले, एकही दृश्य कमी नाही. हे कसं?

निनाद_त
@स्वप्नाळू, काही कापलेलं नाही. फिल्म सेकंदाला २४ फ्रेम्स, पाल २५. मग सरळ वेग चार टक्क्यांनी वाढवून टाकायचे. सात मिनिटांचं कार्टून पालवर सहा मिनिटं त्रेचाळीस सेकंदांत संपतं. आणि आवाज सुधारला नसेल तर सूरही जवळपास अर्ध्या स्वराने चढतो.

कार्टूनमध्ये हे जास्त टोचतं कारण संगीत फ्रेम मोजून लिहिलेलं असतं. वॉर्नरचा कार्ल स्टॉलिंग, एमजीएमचा स्कॉट ब्रॅडली, पात्राचं प्रत्येक पाऊल वाद्यात पकडायचे. लूनी ट्यून्स गोल्डन कलेक्शनमध्ये काही कार्टून्सना नुसत्या संगीताचा वेगळा ट्रॅक आहे, तो लावून बघा एकदा. संवाद काढल्यावर कळतं की वाद्यवृंद केवढा विनोद करत होता. हा ट्रॅक आहे की नाही हे मी कुठल्याही परीक्षणात सगळ्यात आधी शोधतो.

स्वप्नाळू
धन्यवाद निनाद! आता लावून बघते. म्हणजे मी इतकी वर्षं टॉमला जरा वरच्या पट्टीत किंचाळताना ऐकतेय :)

भिरभिरं
एवढं सगळं वाचून माझा एकच प्रश्न. ब्लू-रेवर तरी टॉम जेरीला पकडतो का?

काजवा
फोरकेची वाट बघा.

अनुराधा_जो
टॉम अँड जेरी निघालंच आहे तर तो विषय काढते. त्याच्या गोल्डन कलेक्शनचा पहिला खंड २०११ ला आला. दुसरा २०१३ साठी जाहीर झाला आणि मग कळलं की त्यात माउस क्लीनिंग आणि कॅसानोव्हा कॅट ही दोन कार्टून्स वगळलीत, वांशिक चेष्टेमुळे. संग्राहकांनी आरडाओरडा केला आणि तो खंड बाजारात आलाच नाही. माझं स्पष्ट मत आहे की परीक्षणात पहिल्या परिच्छेदात हे आलं पाहिजे: संच पूर्ण आहे का, काय वगळलंय, काय कापलंय, कुठला आवाज बदललाय. वेष्टनावर "संपूर्ण" लिहिलंय म्हणून संपूर्ण मानू नये.

मी_मंजिरी
अनुराधाताई, वगळलं तर बिघडलं कुठे? ती दृश्यं खरोखर ओंगळ आहेत. ज्यांची चेष्टा केलीय त्यांच्या घरातलं मूल ते बघेल तेव्हा त्याला काय वाटेल याचा विचार संग्राहकाने करायचाच नाही का?

अनुराधा_जो
करायलाच हवा मंजिरी. म्हणून तर मी म्हणते की मोठ्यांसाठीचा संच वेगळा आणि मुलांसाठीचा वेगळा. मोठ्यांच्या संचात काही लपवू नये. लूनी ट्यून्स गोल्डन कलेक्शनच्या तिसऱ्या खंडात अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग सुरुवातीलाच समोर येऊन सांगते की ही चित्रणं तेव्हाही चूक होती आणि आजही चूक आहेत, पण ती लपवणं म्हणजे हे पूर्वग्रह कधी नव्हतेच असं म्हणणं. मला ती पद्धत पटते. वॉल्ट डिस्ने ट्रेझर्सच्या पत्र्याच्या डब्यांतल्या डीव्हीडींतही, २००१ ते २००९ दरम्यान आलेल्या, अशी कार्टून्स वेगळ्या कप्प्यात ठेवून समीक्षक लेनर्ड मॉल्टिन आधी संदर्भ सांगतो. पन्नास वर्षांनी कुणी या काळाचा अभ्यास करेल त्याला पुरावा मिळाला पाहिजे.

मी_मंजिरी
वेगळे संच असतील तर माझी हरकत नाही. पण मग परीक्षणात स्पष्ट लिहा की हा संच मुलांसाठी नाही आणि कुठल्या कार्टूनमध्ये काय आहे. वेष्टनावर हसणारा ससा आणि आत हे, असं नको.

चित्रवेडा
हे मी लिहून घेतलं. कार्टूननिहाय सूचना. उत्तम.

बोरूबहाद्दर
उशिरा आलो, सगळा धागा वाचला. एका गोष्टीवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय: श्रेयनामावली.

वॉर्नरने आपली जुनी कार्टून्स ब्लू रिबन नावाने पुन्हा चित्रपटगृहांत लावली तेव्हा मूळ नामावली काढून टाकून नवी पाटी चिकटवली. त्या नव्या पाटीवर बहुतेक वेळा कार्टूनचं नाव असायचं, काम करणाऱ्यांची नावं नाहीत. मुळात त्या काळी एका कार्टूनवर तीन-चार अ‍ॅनिमेटर राबायचे आणि नाव पाळीपाळीने एकाचंच यायचं. तेही पुढे कापलं गेलं. म्हणजे ज्या माणसाने आयुष्यभर बदक आणि ससे चालवले त्याचं नाव पडद्यावर येण्याची जी एक संधी होती ती सुद्धा गेली. हे मला फार लागतं.

म्हणून नवीन डिस्कवर मूळ नामावली शोधून परत जोडलेली असेल तर माझ्या दृष्टीने तो सगळ्यात मोठा गुण, फोरके आणि एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला) त्यानंतर. आणि परीक्षण लिहिणाऱ्यांनी पण अ‍ॅनिमेटर्सची नावं लिहावीत. दिग्दर्शक म्हणून चक जोन्स सगळे लिहितात. त्याच्याच चमूतल्या केन हॅरिसच्या हातून पात्रं कशी धावतात, बेन वॉशमच्या हातून कशी उभी राहतात, हे लिहिणारे किती?

फिल्मीकाका
बोरूबहाद्दर, धाग्यातला सगळ्यात चांगला प्रतिसाद.

याच कारणासाठी छोट्या प्रकाशकांबद्दल आदर वाटतो. थंडरबीनचे स्टीव्ह स्टँचफिल्ड खासगी संग्राहकांकडच्या प्रिंट्स जमवून, जुळवून विस्मृतीत गेलेली कार्टून्स काढतात. मोठ्या स्टुडिओच्या तिजोरीत जे नाही ते अशांच्या डिस्कवर मिळतं. त्यांना आणि मोठ्या स्टुडिओला एकाच फुटपट्टीने मोजू नये. उलट फ्लायशर स्टुडिओच्या सुपरमॅनसारख्या, हक्क संपलेल्या कार्टून्सच्या ढिगाने स्वस्त डिस्क्स निघाल्या आहेत, त्यांत अनेकदा झिजलेली प्रिंट तशीच चढवलेली असते. त्यांचं परीक्षण मात्र कडकच व्हावं.

निनाद_त
सुपरमॅनची अधिकृत ब्लू-रेसुद्धा २०२३ ला आली तेव्हा जास्त घासल्याची टीका झालीच की. सतराच कार्टून्स, १९४१ ते १९४३ मधली, आणि त्यातल्या सावल्या म्हणजे काय काम आहे! तिथेच हात राखून काम करायला हवं होतं.

राधेय
फ्रेमच्या आकाराबद्दल पण लिहा की कुणीतरी. जुनी कार्टून्स जवळपास चौकोनी, रुंदी उंचीच्या १.३७ पट. दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या येणार, येऊ द्या. पट्ट्या नकोत म्हणून वरखाली कापलं की डोक्यावरची टोपी आणि पायाखालची केळ्याची साल दोन्ही जातं. २००७ च्या ड्रॅगन बॉल झीच्या अमेरिकन संचांत असंच कापलं होतं. स्ट्रीमिंगवर सिम्प्सन्सचं २०१९ ला तेच झालं, मागे दिसणारे विनोद फ्रेमच्या बाहेर गेले, मग लोकांनी ओरडा केल्यावर पुढच्या वर्षी मूळ आकाराचा पर्याय दिला.

चित्रवेडा
राधेय, यात एक गुंता आहे. जंगल बुक काढला उंच फ्रेममध्ये पण चित्रपटगृहात वरखाली झाकून रुंद दाखवला. पहिली डीव्हीडी उंच, २००७ ची रुंद. कुठली खरी यावर लोक अजून भांडतात. मला रुंद बरोबर वाटते कारण मांडणी ती डोळ्यासमोर ठेवून केलेली होती. पण परीक्षणात "फ्रेम कापलीय" किंवा "फ्रेम बरोबर आहे" एवढंच लिहून भागत नाही, कारण द्यावं लागतं.

भिरभिरं
माझ्या टीव्हीवर सगळीच कार्टून्स तेलावर घसरल्यासारखी चालतात, डिस्क कुठलीही असो. हे पण रिस्टोरेशनचं पाप का?

निनाद_त
@भिरभिरं, नाही, ते टीव्हीचं. मोशन स्मूदिंग बंद करा आधी! कार्टूनमध्ये बरेचदा एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला बाराच चित्रं. टीव्ही त्यांच्या मधली चित्रं स्वतःच्या मनाने तयार करतो. अ‍ॅनिमेटरने मुद्दाम ठेवलेला झटका त्यात जातो. ही सेटिंग चालू ठेवून लिहिलेलं परीक्षण मी वाचणार नाही.

भिरभिरं
बंद केलं. बापरे. वेगळंच कार्टून दिसतंय. आणि काका, ग्रेन पण आता एवढा टोचत नाहीये, मुंग्या नाहीत त्या.

स्वप्नाळू
रंगांबद्दल अजून एक. स्पिरिटेड अवे या चित्रपटाची पहिली जपानी डीव्हीडी चांगलीच लालसर होती, लोक कोर्टात गेले होते त्यावरून. ब्लू-रेवर तो लाल रंग गेला. हे मी अशासाठी सांगतेय की "अधिकृत आहे म्हणजे रंग बरोबरच असणार" असं परीक्षकाने धरू नये. आणि सिंड्रेलाची २०२३ ची फोरके पाहिली का कुणी? रेषा परत आल्यात आणि तिचा झगा रुपेरी आहे, निळा नाही.

चित्रवेडा
पाहिली! तीच तर मोठी आशा. ओरडणाऱ्या लोकांनी ओरडून ठेवलं म्हणून कुणीतरी पुन्हा नीट काम केलं असं मला मनापासून वाटतं.

मी_मंजिरी
मग शेवटी गोष्ट लिहायचीच नाही का परीक्षणात? चित्रवेडा, तुम्ही मूळ प्रश्नावर आलाच नाहीत परत.

चित्रवेडा
मंजिरीताई, येतो. जे सगळ्यांनी पाहिलंय त्याची गोष्ट नको. जे फारसं कुणी पाहिलेलं नाही त्याची हवी, आणि भरपूर हवी. लॉटे रायनिगरचा प्रिन्स अखमेद, १९२६ चा, आज उपलब्ध असलेला सगळ्यात जुना पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट, कात्रीने कापलेल्या काळ्या आकृत्यांचा. त्याच्या डिस्कबद्दल लिहिताना मी नुसत्या प्रिंटबद्दल बोललो तर वाचणारा ती लावणारच नाही. तिथे आधी सांगायला हवं की सावल्यांच्या बोटांत किती नजाकत आहे, आणि मग सांगायचं की पुनरुज्जीवित प्रिंटमध्ये दृश्यांना दिलेले मूळ रंग परत आणलेत.

काजवा
मला लिहायचंय एक परीक्षण पण माझ्याकडे ना मोठा पडदा ना उपकरणं. रेषा खाल्ली गेलीय की नाही हे साध्या टीव्हीवर कसं ओळखायचं?

फिल्मीकाका
उपकरण नको. पाठलागाचं दृश्य लावा, सगळ्यात वेगवान जागी थांबवा आणि एकेक फ्रेम पुढे सरका. बोटं, मिशा, पापण्या, भुवया बघा. रेषा मध्येच तुटते का, फिकी पडते का, आधीच्या फ्रेमचं भूत उरतं का. मग एक शांत दृश्य घ्या जिथे पात्र उभं आहे आणि मागे आकाश किंवा भिंत आहे. तिथे ब्रशचे फटकारे दिसतात का, की रंग प्लास्टिकसारखा सपाट झालाय. पात्राच्या कडेला पांढरी किनार दिसली तर शार्पनेस कृत्रिमपणे वाढवलाय. तुमच्या टीव्हीचा शार्पनेस मात्र आधी कमी करा, नाहीतर त्याचं खापर डिस्कवर फुटेल. एकाच संचातली तीन-चार वेगवेगळ्या सालांची कार्टून्स तपासा, एकावरून अख्ख्या संचाबद्दल लिहू नका.

बोरूबहाद्दर
आणि नामावलीवर पण थांबवा काजवा. नावं उतरवून घ्या, परीक्षणात द्या.

काजवा
नक्की. पॉपाय द सेलरच्या १९४० च्या दशकातल्या कार्टून्सची ब्लू-रे आहे माझ्याकडे, तीच घेते. पहिला खंड झाला की इथेच टाकते, कार्टूननिहाय सूचनांसकट, मंजिरीताई.